पोटॅशियमची वाट आणि कोकणातला लाल विंचू

रत्नागिरी जिल्ह्यात विंचवाचा विषय निघाला की कुणी गप्प बसत नाही. कुणाला जांभ्याच्या गडग्यात हात घालताना चावलेला असतो, कुणाला पावसाळ्याची लाकडं रचताना, कुणाला खुंटीवरचा सदरा अंगात चढवताना. इंगळी मोठी, काळी आणि बघूनच धडकी भरवणारी. पण जीव घेतो तो बोटभर लांबीचा लाल विंचू. शास्त्रीय नावात तो आधी ब्युथस होता, मग मेसोब्युथस झाला, आता हॉटेन्टोटा म्हणतात. ‘टॅम्युलस’ हे शेपूट मात्र कायम आहे. त्याच्या इथल्या पोटजातीला पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने 1900 साली कोकणचंच नाव दिलं.

पेशीच्या आवरणातून पोटॅशियमची ये-जा कशी होते आणि जनुकातलं एखादं अक्षर बदललं की त्या वाहतुकीचं काय होतं, हा पुढल्या प्रकरणांचा विषय. त्याची प्रस्तावना विंचवापासून करण्यात कोकणाचा अभिमान मिरवण्याचा हेतू नाही. या विषयाचा इतिहासच तसा घडला. पोटॅशियमची वाट प्रथिनाच्या नेमक्या कुठल्या भागातून जाते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा ते शोधायला जी हत्यारं कामी आली त्यांत विंचवाचं विष पहिल्या रांगेत होतं. आणि त्या विषाच्या जोडीने वापरलेलं दुसरं हत्यार म्हणजे मुद्दाम घडवलेली उत्परिवर्तनं.

आधी विषाची बाजू पाहू, कारण ती आपल्या लोकांनी अंगावर सोसली आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेला माणूस दरदरून घामाने भिजलेला यायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय बर्फासारखे गार पडायचे, रक्तदाब चढायचा आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस यायचा. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांशेजारी बसून या लक्षणांचा क्रम टिपला. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या ओझ्याने हृदय थकतं, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरली. 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अनुभव छापून आला आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलं. पुढे परळच्या हाफकिनची विंचवावरची प्रतिविष लस आली. ती प्राझोसिनपेक्षा सरस की जोडीने द्यायची, यावर चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातून डॉ. नातू व सहकाऱ्यांनी 2010 साली निबंध लिहिला. 2011 साली बावस्करांची महाडमधली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली: 70 रुग्ण, नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी 17.7 तास, लस जोडीला दिली तर 8 तास. चिपळूण आणि महाड या दोन गावांमधल्या घाटरस्त्याच्या अंतरात विंचूदंशाचं जगातलं एक महत्त्वाचं शास्त्र उभं राहिलं. त्याची दखल आपल्याकडे उशिरा घेतली गेली. बावस्करांना पद्मश्री मिळाली 2022 साली.

आता त्या विषाच्या थेंबात काय असतं ते बघू. एक विष नव्हे, अनेक लहान प्रथिनांचं मिश्रण. त्यातली जी सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात, ती हे वादळ उठवण्यात आघाडीवर असतात. पण त्याच थेंबात पोटॅशियमच्या वाटा बुजवणारी प्रथिनंही असतात, आणि प्रयोगशाळांना वेड लावलं ते त्यांनी. 1990 साली अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं. अवघी 37 अमिनो आम्लं. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत ‘बीके’ नावाचा पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियमची वाट, असतो; हे प्रथिन तेवढ्यालाच धरतं, बाकीच्यांकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. 2002 साली याच विंचवातून टॅमॅपिन मिळालं. ते ‘एसके’ नावाच्या दुसऱ्या कुळाला धरतं, आणि इतक्या अत्यल्प मात्रेत की त्या वेळी त्याला तोड नव्हती. त्या निबंधाच्या लेखकांच्या यादीत लंडन-सिंगापूरच्या नावांबरोबर गद्रे आणि सपटणेकर ही आडनावं वाचून मला बरं वाटलं. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ‘हा प्रवाह बीकेचाच आहे ना’ अशी शंका आली, की आयबेरिओटॉक्सिनचा थेंब टाकून पाहतात.

मुळात ही वाट लागते कशाला? आपल्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असतं आणि सोडियमचं नेमकं उलट. पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे विद्युतभार असलेला कण त्यातून आपसूक जात नाही. त्याला प्रथिनातून काढलेली वाट हवी, तोच चॅनेल. मज्जातंतूत सोडियम आत घुसून ठिणगी पडते आणि पोटॅशियम बाहेर पडून ती विझते. हृदयाचा प्रत्येक ठोका असाच सुरू होतो आणि असाच संपतो. म्हणून पोटॅशियम चॅनेलचं काम बहुतेक ठिकाणी शमवण्याचं, पेशीला पुन्हा विश्रांतीला आणण्याचं.

यातली खरी कमाल निवडीत आहे. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा. त्रिज्या एकाची 1.33 अँगस्ट्रॉम, दुसऱ्याची 0.95. तरीही पोटॅशियम चॅनेल मोठ्याला सोडतो आणि लहानाला अडवतो, हजारो पोटॅशियममागे जेमतेम एखादा सोडियम निसटावा इतक्या कडकपणे. चाळणीचा न्याय इथे पुरता उलटा आहे. आणि हे करताना वेगही कमी नाही: सेकंदाला कोटीच्या घरात आयन एका चॅनेलमधून निघून जातात.

हे कोडं रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली सोडवलं. मातीतल्या एका जीवाणूच्या पोटॅशियम चॅनेलचा स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना काढली, आणि 2003 साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. चार सारखे घटक वर्तुळात उभे, मधोमध वाट. या वाटेचा सगळ्यात अरुंद भाग जेमतेम 12 अँगस्ट्रॉम लांब. तिथे प्रत्येक घटकाची पाच अमिनो आम्लं एकापाठोपाठ येतात: थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन. जीवाणूपासून माणसापर्यंत हा क्रम जवळपास तोच. या पाचांचे ऑक्सिजन अणू वाटेच्या आत तोंड करून बसतात. पाण्यात असताना पोटॅशियमभोवती पाण्याच्या रेणूंचे ऑक्सिजन असतात. वाटेत शिरताना तो पाणी सोडून येतो आणि इथे त्याला तितक्याच अंतरावर आठ ऑक्सिजन तयार भेटतात. त्याला काही गमावल्यासारखं होत नाही. सोडियम लहान; त्याला हे ऑक्सिजन लांब पडतात, पाणी सोडण्याची किंमत वसूल होत नाही, म्हणून तो बाहेरच थांबतो. हे अंतर कितपत ताठ असतं आणि कितपत हलतं, यावर अभ्यासकांत अजून जुंपते; ती चर्चा पुढे स्वतंत्र प्रकरणात येईल.

पण रचना दिसायच्या आधीच वाट सापडली होती, आणि ही गोष्ट मला नोबेलच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. ईथर हुंगवल्यावर पाय झाडणाऱ्या फळमाशीच्या जातीला ‘शेकर’ म्हणत. त्या माशीचं बिघडलेलं जनुक 1987 साली लिली आणि युह-नुंग जान यांच्या प्रयोगशाळेत हाती आलं, आणि ते निघालं पोटॅशियम चॅनेलचं. म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची माळ मिळाली; पण तिच्यातला कुठला तुकडा वाटेच्या कडेला बसतो, कुठला आवरणात रुतलेला, कुठला आत लोंबतो, ते माळ वाचून कळेना. 1989 साली मॅकिनन आणि ख्रिस्तोफर मिलर यांनी इस्राएलकडच्या एका विंचवाचं कॅरिब्डोटॉक्सिन घेतलं. आपल्या आयबेरिओटॉक्सिनचं ते सख्खं भावंड. दोघांच्या माळांतली सुमारे दोन तृतीयांश अमिनो आम्लं एकच. हे विष वाटेच्या बाहेरच्या तोंडावर बसतं, हे माहीत होतं. मग बेडकाच्या अंड्यांत शेकर चॅनेल बनवून घ्यायचा, त्यातलं एकेक अमिनो आम्ल बदलायचं आणि विषाची पकड सैल होते का पाहायचं. 422व्या जागचा ऋणभारी ग्लुटामेट बदलून तिथे धनभारी लायसिन बसवल्यावर पकड सुटू लागली. विष स्वतः धनभारी, तेव्हा सरळ अर्थ असा की ही जागा वाटेच्या तोंडाशी आहे. पुढे 1992 साली मिलर आणि गोल्डस्टीन यांनी 425व्या जागचं अवजड फिनाइलअलॅनिन काढून तिथे चिमुकलं ग्लायसिन ठेवलं, तर विषाची पकड हजारपटींहून जास्त घट्ट झाली. विषाला टेकायला आडवी येणारी अडगळ दूर झाली, इतकंच.

चॅनेलचे घटक चारच असतात, हेही याच वाटेने ठरलं. विषाला दाद देणारे आणि न देणारे घटक ठरावीक प्रमाणात मिसळायचे, एकूण प्रवाहापैकी किती भाग विषाने बंद होतो ते मोजायचं आणि गणित मांडायचं. 1991 साली मॅकिनन यांनी ते मांडलं. जीवाणूचा चॅनेल आणि आपला चॅनेल खरंच एका बांधणीचे का, या 1998च्या शंकेचं निरसनही विंचवानेच केलं. जीवाणूच्या चॅनेलमधली तीन अमिनो आम्लं बदलून तो नळीत बसवला आणि वरून विंचवाचं अख्खं विष ओतलं. चॅनेलने त्यातून नेमकी आपली प्रथिनं उचलली.

जवळून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट. कॅरिब्डोटॉक्सिन काय आणि आयबेरिओटॉक्सिन काय, दोघांच्या 27व्या जागी लायसिन आहे. त्याचं धनभारी टोक थेट वाटेत शिरतं आणि पोटॅशियमचा आयन जिथे बसायचा त्या सर्वांत वरच्या जागेपाशी येऊन ठेपतं. म्हणजे विंचवाने आपल्या विषावर पोटॅशियमची नक्कल बसवली आहे. आतून खऱ्या पोटॅशियमचा रेटा वाढला तर तो या तोतयाला बाहेर ढकलतो, हे प्रयोगात मोजता येतं.

एवढी तयारी झाल्यावर उत्परिवर्तनाकडे वळायला हरकत नाही. आपल्या मनात उत्परिवर्तन म्हणजे बिघाड आणि बिघाड म्हणजे बंद, असं एक समीकरण बसलेलं असतं. पोटॅशियम चॅनेलच्या बाबतीत ते फार तोकडं आहे. वाट बंद होऊ शकते, पण ती नको तेव्हा उघडीही राहू शकते. ती उत्तम असूनही आवरणापर्यंत पोहोचत नाही असंही होतं. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे ती उघडी असते, पण तिची निवड सुटते.

निवड सुटण्याचं अभिजात उदाहरण ‘वीव्हर’ उंदराचं. हा उंदीर झोकांड्या खात चालतो. 1995 साली कारण कळलं: जीआयआरके-2 नावाच्या चॅनेलमध्ये त्या पाचांतलं पहिलं ग्लायसिन जाऊन तिथे सेरिन आलं आहे. ग्लायसिनला बाजूची शाखाच नसते, सेरिनला असते. तेवढ्या फरकाने ऑक्सिजनची मांडणी विस्कटते आणि सोडियम आत शिरू लागतं. जो चॅनेल पेशीला शांत करायचा तोच तिला पेटवतो, आणि लहान मेंदूतल्या पेशी मरतात. माणसातही असंच घडतं. 2011 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्डोस्टेरॉन स्रवणाऱ्या, अधिवृक्क ग्रंथीच्या 22 गाठी तपासल्या. त्यांतल्या 8 गाठींत केसीएनजे-5 या चॅनेलच्या वाटेलगतचं एक अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. सोडियम आत, त्यामागून कॅल्शियम आत, अल्डोस्टेरॉनचा पूर आणि गोळ्यांना न बधणारा रक्तदाब. हे उत्परिवर्तन आईबापांकडून आलेलं नव्हतं, त्या गाठीतच जन्मलेलं होतं. एकाच पेशीत एक अक्षर चुकतं आणि माणूस आयुष्यभर मिठाला दोष देत राहतो.

वाट जास्त उघडी राहणं पोटॅशियमच्या बाबतीत निरुपद्रवी असावं, असं वाटतं. शमवणारी गोष्ट थोडी जास्त झाली तर बिघडलं कुठे? 2005 साली एका कुटुंबात, लाल विंचवाच्या आयबेरिओटॉक्सिनचं लक्ष्य असलेल्या त्याच बीके चॅनेलमध्ये 434व्या जागचा बदल सापडला. चॅनेल नेहमीपेक्षा सहज उघडत होता, आणि त्या घरातल्या माणसांना फिट्स येत होत्या, अचानक हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली होत होत्या. स्पष्टीकरण असं दिलं जातं की ठिणगी लवकर विझली की मज्जातंतू पुढच्या ठिणगीलाही लवकर मोकळा होतो. हृदयातही तोच प्रकार: 2004 साली दोन घराण्यांत केसीएनएच-2 जनुकातली एकच जागा बदललेली मिळाली, प्रत्येक घरात वेगळ्या अक्षराने, पण अमिनो आम्ल येत होतं तेच. चॅनेल वेळेवर मिटेना, ठोका आखूड झाला, माणसं तरुण वयात अचानक गेली.

आशेची म्हणावी अशी कहाणी मधुमेहाची. स्वादुपिंडातल्या पेशींचा एक पोटॅशियम चॅनेल साखर वाढली की मिटतो, आणि तो मिटला की इन्सुलिन सुटतं. केसीएनजे-11 जनुकातल्या काही उत्परिवर्तनांत त्याला मिटण्याची सूचनाच ऐकू येत नाही. बाळाला पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो आणि त्याला जन्मभर इन्सुलिन टोचायचं म्हणून सांगितलं जातं. 2004 साली कारण सापडलं आणि उपाय आधीच औषधाच्या दुकानात पडून होता: डाओनिल म्हणून आपल्याकडचे आजोबा-आजी घेत आले ते ग्लिबेनक्लामाइड. ते चॅनेलला दुसऱ्या बाजूने मिटवतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा 49 रुग्णांपैकी 44 जणांचं इन्सुलिन सुटलं. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतातही अशी मुलं शोधून काढली आहेत. उत्परिवर्तन कुठे बसलं आहे हे नेमकं कळण्याचा याहून रोकडा फायदा मला ठाऊक नाही.

राहिला हृदयाचा लांबलेला ठोका, ज्याला डॉक्टर ‘लाँग क्यूटी’ म्हणतात. पोटॅशियम वेळेत बाहेर पडत नाही, हृदयाचे कप्पे पुन्हा सज्ज व्हायला उशीर लागतो, आणि मधल्या त्या कच्च्या क्षणी दुसरा ठोका पडला तर लय तुटते. 1957 साली येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी नॉर्वेतल्या एका घराची नोंद केली: सहा भावंडं, त्यांतली चार जन्मतः बहिरी, अधूनमधून बेशुद्ध पडणारी, आणि त्या चारांतली तीन दगावली. दोन्ही आईबापांकडून केसीएनक्यू-1 किंवा त्याच्या जोडीदार जनुकाची बिघडलेली प्रत आली की असं होतं, कारण कानातल्या द्रवालाही पोटॅशियम पुरवायचं काम याच चॅनेलचं. आते-मामे भावंडांत लग्नं होण्याची चाल जिथे टिकून आहे, तिथे हे लक्षात ठेवायला हवं. एकच प्रत बिघडली तरी सुटका नसते. चार घटकांचा चॅनेल; निम्मे घटक चांगले, निम्मे वाईट, तर चारही चांगले जुळण्याची शक्यता सोळात एक. एकच वाईट घटक चौघांना नासवणारा असेल, तर निम्मी नव्हे, जवळपास सगळी वाट जाते. केसीएनएच-2च्या बाबतीत मात्र बहुसंख्य उत्परिवर्तनं वाटेला हातही लावत नाहीत. प्रथिन नीट घडी न पडल्याने पेशीच्या आतच अडकून राहतं. म्हणून नुसता जनुकाचा अहवाल हातात घेऊन ‘अमुक अक्षर बदललं’ म्हणणाऱ्याला विचारायला हवं, बदलून काय झालं? पुढली प्रकरणं हाच प्रश्न एकेका चॅनेलला विचारत जातात, आणि वाचकाने त्या क्रमाने जाण्याची गरज नाही; ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याने वाहकतेचं प्रकरण खुशाल सोडून द्यावं.

वाचकाला एक विनंती मात्र आत्ताच करतो. आपल्याकडे पोहायला उतरलेला, शर्यतीत पळणारा मुलगा अचानक कोसळला की फिट म्हणतात, अशक्तपणा म्हणतात, बाहेरचं काही म्हणतात. केसीएनक्यू-1चा दोष अनेकदा श्रमात, त्यातही पाण्यात, उघडा पडतो. केसीएनएच-2चा दचकवणाऱ्या आवाजाने, पहाटेच्या गजरानेसुद्धा. घरात असं बेशुद्ध पडणारं मूल असेल, किंवा घराण्यात कुणी तरुण माणूस कारण न कळता गेलेलं असेल, तर त्या मुलाचा ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांना क्यूटीचं अंतर मोजायला आवर्जून सांगा. ईसीजीचं यंत्र तालुक्याच्या गावी मिळतं आणि बीटा-ब्लॉकर ही त्यावरची गोळी महाग नाही.